हवा सोडण्यात येईल

गेले आठ दिवस आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या कॉलनी ग्रुपवर नुसतं रणकंदन चाललंय. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकूंनी सुचवलं की फुटपाथच्या कडेला आणि झाडांखालच्या मातीच्या पट्ट्यावर मोठे दगड नाहीतर लोखंडी खांब लावून घेऊया, म्हणजे गाड्या वर चढणार नाहीत. झालं. एका काकांनी लिहिलं, "आधी पार्किंग द्या, मग बोला", त्याला बावीस अंगठे. दुसरे म्हणाले, गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या? मी इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये, कचऱ्याचा बिन बाहेर ढकलता ढकलता हे वाचतो आणि डोकं सटकतं.

आधी पार्किंग द्या म्हणजे काय हो? गाडी बुक करताना विचारलं होतं का कोणाला, ही ठेवू कुठे म्हणून? मे २०२५ मध्ये पार्किंगचा पुरावा नसेल तर नवीन गाडीची नोंदणी नाही असं सरकारचं घाटत होतं, तेव्हा सगळ्यात जास्त चिडले होते ते हेच काका. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने चालायला धड फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे असं सांगितलं, तो फॉरवर्ड मी टाकला, अंगठा एक नाही. फुटपाथवर गाडी लावायची नाही हे तर १९८९ च्या नियमांतच होतं, त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही आहे.

मग मी पण पेटलो. लंडनमध्ये १९७४ पासून बंदी, स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून १०० पौंड दंड, १४ दिवसांत भरला तर ५०, असं सगळं टाकून दिलं. एवढंच नाही टाकलं की मी लंडनमध्येही राहत नाही आणि स्कॉटलंडमध्येही नाही. उरलेल्या इंग्लंडात सरसकट बंदी नाहीये, आमच्या एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या गल्लीत सगळेच दोन चाकं वर चढवून लावतात आणि मीही लावतो, नाहीतर डिलिव्हरी व्हॅन आरसा घेऊन जाते. आता हे ग्रुपवर कशाला सांगू.

पण समोरच्या वळणावर गवताचा एक पट्टा आहे, हिवाळ्यात त्यावर गाड्या लावून लावून नुसता चिखल व्हायचा. तिथल्या आजोबांनी आधी पांढरे रंगवलेले दगड ठेवले, मग काउन्सिलने गुडघ्याएवढे लाकडी ओंडके रोवले. आता मार्चमध्ये तिथे डॅफोडिल्स येतात. दंड नाही, टोइंगवाल्यांशी भांडण नाही, आणि ओंडक्याला "मी कोणाचा माणूस आहे माहितीये का" असं सांगून काही उपयोग होत नाही.

नाशकात भानगड वेगळी आहे हे मला कळतं. व्हीलचेअर जावी म्हणून दोन खांबांत मीटर-सव्वामीटर जागा सोडायची तर त्यातून ॲक्टिव्हा आरामात घुसते. म्हणजे कारला खांब चालतील, दुचाक्यांना रस्त्यावरच पट्टे मारून जागा द्यावी लागेल. फुटपाथच उंच करा म्हणणारे आहेत, पण १५० मिलिमीटरच्या वर गेला की म्हातारी माणसं चढतच नाहीत, सरळ रस्त्यावरून चालतात. आणि कॉलेज रोडला दुकानांनी पुढे पेव्हर ब्लॉक टाकून फुटपाथ कुठे संपतो तेच पुसून टाकलंय.

गंमत म्हणजे खांबाचं शास्त्र नाशिककरांना कोणी शिकवायलाच नको. स्वतःच्या गेटसमोर कुंड्या, जुने टायर, साखळी, सिमेंट भरलेले डबे, वर पाटी, "गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल". आपल्या गेटसमोरच्या सहा फुटांसाठी जीव टाकतील, फुटपाथ मात्र कोणाच्या बापाचा नाही. २०२७ च्या कुंभाला येणारी लाखो माणसं शेवटी पायीच चालणार आहेत, ती कुठून चालतील देव जाणे.

हे खांबांचं सगळं ग्रुपवर लिहिलं त्यावर काकांचं एका ओळीत उत्तर आलं. "तिकडून ज्ञान पाजळू नकोस, आधी तुझी एट हंड्रेड हलव."

खरंय. गुलमोहराखाली, अर्धी फुटपाथवर, चंदेरी कव्हर घातलेली जी गाडी आहे ती आमची. मोतीबिंदू झाल्यापासून बाबा चालवत नाहीत. इन्शुरन्स मी इथून भरतो, १५ वर्षं झाल्यावर परत रजिस्ट्रेशनही मीच हट्टाने करून घेतलं. डिसेंबरात तीन आठवडे येतो, बॅटरी मेलेलीच असते, कोपऱ्यावरचा मेकॅनिक चालू करून देतो, मग सोमेश्वरला एक चक्कर, मिसळ, आणि परत कव्हर. बाकी अकरा महिने ती तिथेच.

मागच्या महिन्यात आई व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच भाजीला निघाली होती. मधेच चित्र हललं, कोणीतरी जोरात हॉर्न मारला. मी म्हटलं, आई काय झालं गं? म्हणाली, "काही नाही रे, तुझ्या गाडीला वळसा घालून रस्त्यावर उतरलेय."

तुझ्या गाडीला म्हणाली.

काकांचा मेसेज वाचून रात्री बाबांनी मला वेगळा मेसेज केला, "विकून टाकू का मग?" निळ्या टिका त्यांना दिसल्याच असतील. दोन दिवसांनी मी लिहिलं, बघू, डिसेंबरमध्ये येतोच आहे.