पाऊण तास, एक बिल, एक शर्ट

मी कपड्यांच्या एका स्टोअरची मॅनेजर. आज सकाळच्या व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांनी आमच्या स्टोअरच्या विक्रीच्या शीटमधली एक ओळ लाल करून सगळ्यांसमोर धरली, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. फ्लोअरवर, म्हणजे दुकानात कस्टमरसमोर, राग दाखवता येत नाही. दिवसभर "वेलकम", "साइज बघून देऊ का" करत दात दाखवत हिंडले. आता घरी आलेय, बूट काढलेत, आणि तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहिणार आहे. पोस्ट लांबणार. कंटाळा आला तर सोडून द्या, मी रुसणार नाही.

ओळ होती आमच्या लेडीज सेक्शनमधल्या एका मुलीची. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. महिन्याचं यूपीटी कमी, म्हणजे दर बिलामागे तिने विकलेले नग कमी. त्यात मागच्या आठवड्यातल्या एका दुपारचा खास उल्लेख. गर्दीची वेळ, पाऊण तास, एक कस्टमर, एक बिल, एक शर्ट. "या पाऊण तासात ही नेमकं काय करत होती?" असं मला विचारलं. उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबलं नाही, लगेच पुढच्या स्टोअरची शीट उघडली. तर उत्तर इथे देते.

त्या दुपारी एक काकू आल्या. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला. बरोबर कुणी नाही. रॅकवरचा टॉप डाव्या हाताने काढायच्या, बघायच्या, परत अडकवायच्या. सगळे डोक्यातून घालायचे. आपला हात वर जात नाही हे सांगायचाही त्यांना संकोच होत असावा. आमच्या मुलीने ते लांबूनच ओळखलं. काही विचारलं नाही, पुढून पूर्ण उघडणारे, सैल बाह्यांचे तीन-चार शर्ट काढले, तेही नेहमीच्या मापापेक्षा एक साइज मोठे, आणि म्हणाली, "काकू, हे बघू या का? मी येते आत मदतीला, चालेल ना?"

आधी दुखरा हात बाहीत, मग शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात. काढताना उलटं, आधी चांगला हात मोकळा करायचा, दुखरा सगळ्यात शेवटी. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा हॉस्पिटलमधल्या नर्सने तिला हे शिकवलं होतं. तीन शर्ट असे घातले आणि काढले. प्रत्येक वेळी काकूंचा श्वास परत जागेवर येईपर्यंत थांबली. शेवटी एक पसंत पडला. कफचं बटण एका हाताने लागत नाही हे पाहून बाह्या दुमडून दिल्या. काकू म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात तरी घरातल्या कपड्यांवर जायला नको."

हे करत होती ती.

आता शीटला यातलं काय दिसतं? आमच्या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगते. दारावर माणसं मोजणारं यंत्र असतं. आत आलेली डोकी म्हणजे फुटफॉल. बिलांना फुटफॉलने भागलं की कन्व्हर्जन. विक्रीला बिलांनी भागलं की एटीव्ही, नगांना बिलांनी भागलं की यूपीटी. पाच जणांचं कुटुंब आलं, पाचही जणांनी कपडे घेतले आणि वडिलांनी सगळ्यांचं मिळून एक बिल केलं, तर कन्व्हर्जन २० टक्के. का? कारण पाच आत आले आणि बिल एकच! आमच्या दारावरचं यंत्र कुरिअरवाला मोजतं, "टॉयलेट कुठंय हो?" विचारणारा मोजतं, आणि दारात पकडापकडी खेळणारी दोन पोरं तर प्रत्येक फेरीला नवीन कस्टमर होऊन येतात. मग संध्याकाळी फोन: "एवढा फुटफॉल होता, बिलं कुठे गेली?" पकडापकडी खेळत होती साहेब.

आकडे लागतात, मान्य. भाडं आणि पगार आकड्यांतूनच निघतात. आणि खांबामागे उभं राहून मोबाइलमध्ये तोंड घालणारा स्टाफ माझ्याकडेही आहे, तेही मान्य. झालं. पण ज्या शीटमध्ये खांबामागचा तो आणि ट्रायल रूममधली ती एकाच लाल रंगात येतात, त्या शीटचं करायचं काय?

लोकांना वाटतं स्टोअर मॅनेजर म्हणजे दुकानाचा राजा. मी काय ठरवते ते विचारा. कोणता माल येणार ते मी ठरवत नाही. साइजचा सेट वरून ठरून येतो. एम आणि एल पहिल्या आठवड्यात उडतात, मग टोकाच्या साइज हँगरवर लोंबत राहतात. परत एम मागवलं तर उत्तर येतं, "त्या स्टाइलचे नग तुमच्याकडे शिल्लक आहेत, आधी ते संपवा." शिल्लक आहेत हो. एक्सएस आणि ट्रिपल एक्सएल. मी काय कस्टमरला खेचून त्या मापाची करू? बाहेर अंगाची लाही होत असते आणि जॅकेटचे कार्टन येऊन पडतात. कुठल्या भिंतीवर काय लावायचं त्याचा नकाशा येतो, त्याबरहुकूम लावायचं आणि फोटो पाठवायचे. नकाशातली भिंत आमच्या भिंतीपेक्षा लांब असते, तो आपला प्रश्न. गाणी कुठली वाजणार तेसुद्धा वरून.

सगळ्यात संताप येतो तो माणसांच्या तासांचा. विक्री घसरली की पहिली कात्री रोस्टरवर, म्हणजे स्टाफच्या ड्युटीच्या वेळापत्रकावर. तास कापले की ट्रायल रूमपाशी कुणी उरत नाही, सोडलेल्या कपड्यांचा ढीग साचतो, त्या ढिगातच कुणाचा तरी एल अडकलेला असतो, रॅकवर दिसत नाही म्हणून कस्टमर निघून जातं. विक्री आणखी घसरते. मग आणखी तास कापा. रात्री क्लोजिंग करून, कॅश जुळवून, सेलचे स्टिकर चिकटवून गेलेल्या माणसालाच सकाळी ओपनिंगला बोलवायचं, कारण दुसरं माणूसच नाही. हे रोस्टर बनवते मी, त्यामुळे शिव्या खाते मी. वरून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळ्यांचे पाय दिसत नाहीत.

आणि ऑनलाइनचं तर विचारूच नका. ऑनलाइन घेतलेला ड्रेस लोक आमच्या काउंटरवर परत करतात. विक्री झाली तेव्हा ती ऑनलाइनच्या खात्यात. परत आला तेव्हा वजावट आमच्या स्टोअरच्या आजच्या विक्रीतून. एखाद्या सोमवारी दुपारपर्यंत आम्ही उणे असतो. उणे! सकाळपासून उभं राहून, कपडे विकून, उणे.

लिहिता लिहिता परत त्या कॉलवर आले. माहितीये पुढे काय विचारलं? "ॲड-ऑन ऑफर केलं होतं का?" म्हणजे शर्टाबरोबर बेल्ट, स्टोल, पर्स, काहीतरी दाखवायचंच असा नियम. ज्या बाईचा एक हात गळ्यात बांधलाय, तिला बेल्ट दाखवायचा? एका हाताने तो लावणार कसा? स्टोल दाखवायचा, म्हणजे पट्ट्यावरून आणखी एक पट्टा? आमच्या मुलीला एवढं कळलं म्हणून तिने तोंड मिटून घेतलं. हे शहाणपण ट्रेनिंगच्या कुठल्या स्लाइडवर नाही, म्हणून त्याला मार्कही नाहीत.

मी कॉलवर बोलले. गप्प बसले असं कुणाला वाटायला नको. म्हटलं, त्या कस्टमरची अडचण होती, फुटेज बघा. तर फुटेज बघितलेलंच होतं. त्यात काय दिसलं? मुलगी ट्रायल रूमच्या बाहेरच्या बाकावर काकूंच्या शेजारी बसलेली. काकूंना धाप लागली म्हणून दोन मिनिटं टेकल्या, त्यांच्याबरोबर ही टेकली. "फ्लोअरवर बसायचं नाही हे स्टाफला माहीत नाही का?"

ही बसण्याची गंमत ऐकाच. इंग्लंडमध्ये १८९९ साली कायदा झाला की दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक आसन हवं. १८९९! आपल्याकडे केरळात कापडदुकानांतल्या सेल्सगर्लनी त्यासाठी आंदोलन केलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आला, आणि २०२१ मध्ये तमिळनाडूत. म्हणजे पायाला विश्रांती लागते हे सरकारदरबारी पटवायला भांडावं लागतं. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा फुगतात, टाचा सकाळी जमिनीला टेकवत नाहीत. माझ्या फ्लोअरवरच्या निम्म्या पोरींना हे सुरू झालंय, आणि त्यांची वयं बघितली तर तुम्हाला पटणार नाही. बसलेला सेल्समन बघून कस्टमरला आळशी वाटतो म्हणे. खरं सांगा, तुम्हाला कधी वाटलंय? मला तर कस्टमर म्हणून गेले तरी वाटत नाही. माझ्या लिस्टमधल्या कुणाला वाटत असेल, असंही मला वाटत नाही.

कस्टमरबद्दल मी एरवी वाईट लिहीत नाही, पण विषय निघालाय तर थोडं. एका ट्रायलला अकरा कपडे घेऊन जाता, उलटे करून जमिनीवर टाकून येता. कॉलरला लिपस्टिक लागते, तो नग माझ्या डॅमेजमध्ये जातो. कार्यक्रमात घालून, टॅग आत दडवून, सेंटचा वास येणारा ड्रेस "साइज बसला नाही" म्हणून परत आणता आणि डोळ्याला डोळा भिडवून सांगता. आणि वर काउंटरवरच्या पोराला "मॅनेजरला बोलाव" म्हणून दम. मी येते, हसते, परत घेते. कारण तक्रार वर गेली तर तोही रकाना लालच.

सगळे असे नसतात. बहुतेक जण बरेच असतात. काहीजण तर निघताना मुद्दाम थांबून थँक्यू म्हणतात, तेवढ्यावर स्टाफचा दिवस निघतो, खोटं नाही. मला हे काम आवडतं, हेही लिहून टाकते, नाहीतर खाली "मग सोड ना नोकरी" म्हणणारे येतीलच. दारातून माणूस आत आलं की खांदे बघून साइज सांगता येते. हाताला कापड लागलं की धुतल्यावर ते आटणार की नाही याचा अंदाज येतो. नवीन पोरगा पहिल्यांदा पुतळ्याला पँट चढवायला जातो आणि पुतळ्याचा पंजा निखळून त्याच्या पायावर पडतो, तेव्हा सगळा फ्लोअर हसतो. हँगरचे आकडे एका दिशेला, लहान साइज पुढे, घड्यांच्या थप्पीला कडा सरळ, आणि कस्टमर यायच्या आधी पाच मिनिटं सगळं जागच्या जागी असतं. ती पाच मिनिटं मला फार प्रिय आहेत.

मी नवीन असताना ज्या मॅडमच्या हाताखाली शिकले त्या म्हणायच्या, ट्रायल रूमपाशी सगळ्यात हुशार माणूस उभं कर, दारात नाही. दारात कुणीही हसेल. बाई अर्धे कपडे काढून, पिवळ्या लाइटखाली, आरशासमोर एकटी उभी असते तिथे माणूस लागतं. मी तेच करत आलेय. आमच्या त्या मुलीला ट्रायल रूमपाशी मीच लावलंय, तिच्या मर्जीने नव्हे. तिथे उभ्या असलेल्याच्या नावावर बिलं कमीच लागणार, कारण कपडे निवडून देणारा दुसरा, बिल फाडणारा तिसरा. म्हणजे तिची ओळ लाल आहे ती माझ्या रोस्टरमुळे. आणि मी तिला तिथून हलवणार नाहीये.

आज संध्याकाळी तिने मला विचारलं, "मॅम, मी त्या काकूंना लवकर आटपायला हवं होतं का?" नाही ग बाई. मला एकदम भरून आलं आणि मी तिला उगीचच स्टॉक रूममधून कार्टन आणायला पाठवलं.

उद्या अकराच्या आत ॲक्शन प्लॅन भरून पाठवायचाय. रकान्यात ड्रॉपडाउन आहे आणि पर्याय तीनच: ट्रेनिंग, वॉर्निंग, ट्रान्सफर. रिकामा ठेवला तर शीट सबमिट होत नाही, करून बघितलं. त्यामुळे मी ट्रेनिंग निवडणार आहे आणि शेऱ्यात लिहिणार आहे की ट्रेनिंग ती देईल, बाकी स्टाफला, हात न हलणाऱ्या माणसाला कपडे कसे घालायचे याचं. शेऱ्याला अक्षरांची मर्यादा आहे, बसेल तेवढं बसवते. उरलेलं मेलवर.

या धंद्यातले बरेच जण माझ्या लिस्टमध्ये आहात म्हणून विचारते. तुमच्यापैकी कुणाच्या सिस्टीममध्ये ट्रायल रूमवरच्या माणसाचं काम वेगळं नोंदता येतं का? की सगळीकडे बिलावर ज्याचा कोड त्याचाच नग? येत असेल तर उद्या दहाच्या आत मला इनबॉक्समध्ये स्क्रीनशॉट टाका, तुमचं आणि कंपनीचं नाव खोडून. मेलला जोडायचाय.