तिचें कितें जालें?

परवा एका संस्थेतून फोन आला. बौद्ध धर्माचे आणि पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या जयंतीला त्यांच्यावरचा माझा एकपात्री प्रयोग हवा होता. तारीख ठरली, वेळ ठरली, मानधनावरून थोडी ओढाताण झाली, तीही मिटली. फोन ठेवता ठेवता ते गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, एक विनंती होती. ते बायकोचं जरा कमी कराल का? जयंती आहे, शाळेची मुलं असतील. त्यापेक्षा हार्वर्डचं वाढवा.’’ मी नाही म्हटलं. प्रयोग गेला. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. नाटक शिकलो ते देवळापुढच्या मांडावर. उत्सवातलं नाटक, तोंडाला रंग, पहाटेपर्यंत चालणारे प्रवेश आणि सकाळी तसाच डोळे चोळत शाळेत. पुढे शिक्षक झालो, स्पर्धेची नाटकं केली. गेली नऊ वर्षं मात्र कोसंबींचं आयुष्य घेऊन एकटाच फिरतोय. पेडण्यापासून काणकोणपर्यंत शंभरेक प्रयोग झाले असतील. देवळांचे सभामंडप, वाचनालयांच्या वरच्या खोल्या, शाळांचे हॉल, मधूनच कुठेतरी खरंखुरं नाट्यगृह.

सुरुवातीची संहिता मीच लिहिली होती आणि ती वाईट होती. तेव्हा मला ती फार आवडायची. १८७६ साली सांखवाळला जन्म, शाळा फारशी नाही, माडांच्या बागायतीत गेलेलं बालपण. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्या वाचनाने माणूस पेटला. मग पुणे, ग्वाल्हेर, काशी, अन्नछत्रातलं जेवण, नेपाळ, बोधगया, सिलोन. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांनी दिलेले महिन्याचे पन्नास रुपये, १९१० साली हार्वर्ड, मग फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणं, मिठाचा सत्याग्रह, तुरुंग. शेवटी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. एक तास दहा मिनिटांत सगळं. टाळ्या पडायच्या. लोक म्हणायचे, ‘‘किती माहिती मिळाली!’’ मला ते कौतुक वाटायचं.

त्या संहितेत एक वाक्य होतं. ‘‘पत्नी आणि तान्ह्या मुलीचा मोह सोडून मी ज्ञानाच्या शोधात निघालो.’’ हे म्हणताना मी खांद्यावर पडशी टाकायचो आणि उजवीकडून डावीकडे चार पावलं चालायचो. चौथ्या पावलाला पुणं यायचं.

एकदा आमच्याच तालुक्यात एका सभामंडपात प्रयोग होता. ट्यूबलाइटच्या उजेडात, घुमणाऱ्या स्पीकरवर. पुढे बायका बसलेल्या. संपल्यावर एक म्हातारी खांब धरून उठली. माझ्याजवळ आली, दंडाला धरलं आणि म्हणाली, ‘‘पुता, ताणें घर सोडलें तें सारकें. पूण तिचें कितें जालें?’’

तिचं काय झालं? मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे माहिती होती मला. पत्नीचं नाव बाळाबाई, मुलगी माणिक, घर सोडलं ते १८९९ साली, परत आले ते जवळजवळ सात वर्षांनी. हे सगळं माझ्या टिपणवहीत होतं. पण म्हातारीने माहिती विचारलीच नव्हती. मी शंभर-दीडशे माणसांसमोर तासभर ‘मी, मी’ करत बोललो होतो आणि त्या ‘मी’ला एकदाही वळून मागे बघावंसं वाटलं नव्हतं. कोसंबींना वाटलं नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? वाटलं नव्हतं ते मला.

त्यानंतर सहा महिने प्रयोग बंद ठेवला. कोसंबींचं ‘निवेदन’ हे आत्मकथन पुन्हा वाचायला घेतलं आणि नवीन संहिता लिहिली. ती एका रात्रीची आहे. १९०६ साल, सात वर्षांनी माणूस घरी आलाय आणि दारात उभा राहून बायकोला सांगतोय, की मी कुठे होतो. बस, एवढंच. काशीचं अन्नछत्र येतं, नेपाळची वाट येते, सिलोनचा विहार येतो, पण प्रत्येक गोष्ट आता तिला सांगायची आहे. आणि तिला सांगायला लागलं की गोष्टच बदलते. अन्नछत्रातल्या जेवणाचं कौतुक सभेला सांगणं सोपं. सात वर्षं जिच्या चुलीचं काय झालं हे आपण विचारलंही नाही, तिला ते सांगताना घास घशात अडकतो.

सामान म्हणून एकच वस्तू ठेवली. काथ्याची दोरी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली. ती सभामंडपाच्या तुळईला बांधतो, नाट्यगृहात वरच्या बारला. ती पाळण्याची दोरी. पाळणा नाहीच. घर सोडल्याची रात्र सांगताना मी ती दोरी ओढत बोलत असतो, एका लयीत, आमच्या घरातल्या बायका हात न बघता ओढतात तशी. मग बोलता बोलता हात सुटतो. दोरी आपली आपण हलत राहते. ती थांबेपर्यंत मी बोलत नाही. कधी पंधरा सेकंद लागतात, कधी वारा असला तर अर्धा मिनिट. पहिल्या प्रयोगाला मला वाटलं होतं लोक चुळबुळ करतील. कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका दोरीकडेच बघत होत्या.

बाळाबाईंच्या तोंडी मी एकही वाक्य घातलेलं नाही. त्या गप्प आहेत, आणि प्रेक्षक त्यांच्या जागी बसलेले आहेत.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मी कुठेही मांडायला तयार आहे. थोरामोठ्यांवरचा एकपात्री प्रयोग उभा राहतो की पडतो, हे एका प्रश्नावर ठरतं. हा माणूस बोलतोय कोणाशी? ‘प्रेक्षकांशी’ हे उत्तर चालत नाही. जयंतीचं भाषणही प्रेक्षकांशीच असतं.

आपल्याकडे ज्यांनी हे केलं त्यांची नावंच बघा. सुषमा देशपांडे १९८९ पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ करत आल्या. त्यातला ‘व्हय’ ऐका. ‘व्हय’ हे उत्तर आहे. म्हणजे कुणीतरी आधी विचारलंय, ‘‘तूच का गं ती?’’ अंगावर शेण झेललेल्या, ज्योतिरावांच्या अंत्ययात्रेत स्वतः टिटवं धरून पुढे चाललेल्या, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या बाईने त्या विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हटलेलं ते ‘व्हय’ आहे. सगळा प्रयोग त्या एका शब्दात आहे. सदानंद जोशींचा ‘मी अत्रे बोलतोय’ वेगळा, पण हिशेब तोच. अत्रे बोलायचे ते हजारोंच्या सभेशी. तेव्हा तिकीट काढून आलेले लोक सभा होऊन जातात.

तिकडे अमेरिकेत हॅल होलब्रुक नावाच्या नटाने मार्क ट्वेनचा एकपात्री प्रयोग १९५४ ला सुरू केला आणि २०१७ पर्यंत केला. साठहून जास्त वर्षं. सुरू केला तेव्हा तो तिशीच्या आतला, सत्तरीचा म्हातारा दिसण्यासाठी तासन्‌तास रंगभूषा करायचा. शेवटी शेवटी त्याचं स्वतःचं वय ट्वेनच्या वयाच्या पुढे गेलं होतं. पण मला त्याची वाटते ती दुसरीच गोष्ट मोठी. त्याने संहिता गोठवली नाही. ट्वेनच्या लिखाणाचा साठा जवळ ठेवला आणि देशात जे चाललंय ते बघून आज काय म्हणायचं ते निवडत गेला. समोर कोण बसलंय हे तो रोज नव्याने बघत होता.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं, आपलं कीर्तन आहेच की. एक माणूस, पाठीमागे पेटी-तबला, पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. बुवा आख्यानात राजा होतात, राणी होतात, क्षणात उपरणं सावरून पुन्हा बुवा होतात आणि राजालाच खडसावतात. आमच्या फोंड्याच्या देवळांतून हे ऐकत मी वाढलो आणि माझ्या संहितेची अडचण मला तिथेच सुटली. हार्वर्ड, फर्ग्युसन, सेवाग्राम हे मी पूर्वरंगात घेतो. माझ्याच शर्ट-पँटमध्ये उभा राहून, शिक्षक जसं सांगतो तसं दहा मिनिटं सांगतो. हे कागदावर आहे, हे मी कल्पनेने उभं केलंय, हेही तिथेच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाच्या तोंडून ‘मी’ म्हणायचं तर एवढा प्रामाणिकपणा पाळायलाच हवा. मग दोरी बांधतो आणि उत्तररंग सुरू.

तेव्हा ‘हार्वर्डचं वाढवा’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, हार्वर्ड आहे हो प्रयोगात. पण मुलांना हार्वर्ड कळावं आणि पाळणा कळू नये, हा कसला हिशेब? मुलं या प्रयोगात सगळ्यात शांत बसतात. ज्यांचे बाबा बोटीवर आहेत, आखातात आहेत, ती तर दोरी हलायला लागली की मान खाली घालतात. अशा मुलांचा मी शिक्षक आहे. त्यांना बायकोचं कमी करून काय दाखवू?

मानधनाचंही एकदा बोलून टाकतो. ‘‘तूं एकलोच मरे, मागीर इतले पयशे कित्याक?’’ एकट्याला एवढे पैसे कशाला, हे मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. एकटा कुठे असतो मी? दिवे सांभाळणारा एक जण, आवाजाचा एक जण, गाडी आणि तिचं पेट्रोल. आणि सभामंडपात पाठीमागे काळा पडदा लावायचा तर तो माझ्याच घरचा. त्याहून मोठं दुःख सत्काराचं. सातचा प्रयोग, पण आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाली, नारळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत. साडेआठला कुणीतरी कानात येऊन सांगतं, ‘‘सर, अर्ध्या तासात आटपा, जेवण थंड होतंय.’’ पंचवीस माणसांचं नाटक असतं तर असं सांगायची छाती झाली असती का? एका माणसाची सात वर्षं अर्ध्या तासात आटपत नाहीत. दोरी थांबायलाच वेळ लागतो.

पुण्या-मुंबईहून येणारे एकपात्री दौरे आपण बघतो. फोंडा, मडगाव, साखळी असे तीन दिवसांत तीन प्रयोग करून ते पुढे जातात. चांगले असतात, मी तिकीट काढून बघतो आणि शिकतो. पण आपली माणसं आपण कधी उभी करणार? माझ्याच तालुक्यात केरी गाव आहे. तिथे १८९२ साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांचा ‘जात कहाँ हो’ १९७७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर-१ यानातून अवकाशात निघाला आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या. ही गोष्ट प्रत्येक निवेदक सांगतो, यानाशी सुरू करतो आणि यानाशी संपवतो. मला विचाराल तर यान बाजूला ठेवा. या बाईने आयुष्यात शिकवलं ते एकाच शिष्येला, धोंडूताई कुलकर्णींना. समोर तानपुरा घेऊन बसलेल्या त्या एकीशी केसरबाईंना बोलू द्या. काय दिलं, काय दिलं नाही, का दिलं नाही. कोणा गाणाऱ्या मुलीने हे लिहायला घेतलं तर मी दिवे सांभाळायला येईन, पैसे न घेता.

आणि गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे. सांगलीहून इथे येऊन मुलांना मराठी शिकवणारा तरुण, १९५५ ला पकडला गेला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला. रानडे तेव्हा पोर्तुगालच्या तुरुंगात होते आणि सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. मधली सात वर्षं जिच्यासाठी लढलो ती भूमी मोकळी आणि आपण आत. दर १८ जूनला, गोवा क्रांतिदिनाला, आपण भाषणं ऐकतो, त्यात हे एका वाक्यात येऊन जातं. त्या वाक्यात एक अख्खं नाटक दबलेलं आहे. तो कोठडीत कोणाशी बोलत असेल? भिंतीशी? वर्गातल्या मुलांशी? ज्याला हे सापडेल त्याने लिहावं. मला अजून सापडलेलं नाही, दोनदा बसलो आणि दोनदा भाषणच झालं.

ती म्हातारी पुन्हा भेटली नाही. नवा प्रयोग घेऊन मी त्या देवळात गेलो होतो, पुढच्या रांगेत शोधलं. कुणीतरी म्हणालं, ती मुलीकडे असते आता, डिचोलीला. डिचोलीला प्रयोग लागला की मी प्रत्येक वेळी त्या रांगेकडे बघून सुरू करतो.

येत्या ९ ऑक्टोबरचा दिवस माझा आता मोकळा आहे. ज्यांना आपल्या वाड्यावर, देवळात, वाचनालयात, शाळेत प्रयोग हवा असेल त्यांनी खाली लिहावं किंवा निरोप पाठवावा. मानधन परवडेल तसं ठरवू. वर दोरी बांधायला काहीतरी भक्कम लागेल, तुळई असली तर उत्तम. ट्यूबलाइट बंद करता आल्या पाहिजेत. सत्कार प्रयोगानंतर ठेवा. आणि बाळाबाईंचा भाग आहे तसा राहील.