काटा ‘ई’वर पडला की लगेच मीटर बदलायचं?

टाकी गच्च भरलेली, तरी जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा ‘ई’वर, म्हणजे ‘रिकामी’वर लोळतोय. की लगेच फर्मान सुटतं: मीटर बदला. नाहीतर टाकी उतरवा. अरे, निदान दहा मिनिटं तपासा तरी!

यंत्रणा ती केवढीशी. टाकीत तरंगणारा फ्लोट, त्याच्या दांडीला जोडलेला कॉन्टॅक्ट रेझिस्टन्सवर घासतो (हा सगळा जोड म्हणजे सेंडर), तिथून एक वायर डॅशबोर्डवरच्या मीटरपर्यंत, म्हणजे गेजपर्यंत. परतीचा करंट अर्थमधून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. आणि नेमकं या अर्थकडे कुणी ढुंकून बघत नाही. टाकी रबरी पॅडवर बसवलेली, पट्ट्यांवर रंगाचे थर, अर्थच्या वायरीचं टोक गंजून हिरवं झालेलं. करंट जाणार कुठून? एक जम्पर वायर आधी सेंडरच्या बॉडीला लावा आणि दुसरं टोक टाकीपासून लांब, चासीवर घासून चकचकीत केलेल्या जागी टेकवा. ठिणगी पडलीच तर ती वाफेजवळ नको. काटा उठला? मग मीटरचे पैसे खिशात ठेवा.

नाही उठला, तर सेंडरची वायर सोडवा आणि इग्निशन ऑन करा. काटा एका टोकाला जातो. तीच वायर क्षणभर चासीला टेकवली की दुसऱ्या टोकाला जातो. क्षणभर म्हणजे क्षणभरच, तशीच धरून बसलात तर गेज जळू शकतं. बायमेटलचं, म्हणजे तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीचं गेज आळशी असतं, सावकाश सरकतं, त्याला लगेच मेलेलं ठरवू नका. दोन्ही टोकं गाठली तर मीटर आणि वायर ठणठणीत, दोष टाकीत.

पेट्रोलच्या काट्यासोबत टेंपरेचरचा काटाही भरकटला असेल तर टाकीला हातच लावू नका. अशा वेळी बहुतेकदा दोन्ही काट्यांना ठरावीक व्होल्टेज पुरवणारा स्टॅबिलायझर गेलेला असतो, नाहीतर त्याचा अर्थ.

आणि ते ‘बसतंय ना, मग चालेल’ म्हणत भलताच सेंडर ठोकणारे! काही सेंडर रिकाम्या टाकीला साधारण २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३० च्या आसपास दाखवतात, काही रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९०. पहिल्या जातीचा सेंडर दुसऱ्या जातीच्या गेजला जोडा आणि मजा बघा, टाकी रिकामी होत जाते आणि काटा वर चढतो. जुना सेंडर फेकण्याआधी मल्टीमीटर लावून दांडी हळूहळू फिरवा. आकडा मध्येच तुटला, उडी मारली, तर तिथलं वायंडिंग, म्हणजे रेझिस्टन्सच्या तारेचे वेढे, झिजलंय. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर तो बुडणारच. त्यावर तसाच सोल्डरचा डाग द्यायला निघणारे महाभागही असतात. आत वाफ भरलेली आहे, स्फोट होईल! नवा बसवा.

पण सगळ्यात डोक्यात जातात ते दांडी वाकवून काटा ‘जुळवणारे’. अर्थ तसाच कुजका ठेवायचा आणि दांडी वाकवायची. मग टाकी भरलेली असताना काटा अगदी बरोबर, आणि पाव टाकी दिसत असताना गाडी रस्त्यात बंद.