पिल्लू चपला कुरतडतं म्हणून त्याला मारू नका

गोव्यातल्या आमच्या मराठी गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘कुत्र्याचं पिल्लू वस्तू कुरतडतं ते सूड उगवायला. कुरतडलेली चप्पल त्याच्या नाकाशी धरून दोन फटके द्या. फर्निचरला मिरचीपूड चोळा. अंगात कॅल्शियम कमी असतं, सिरप सुरू करा. जेवणातली हाडं द्या, दातांची खाज भागेल. तरी ऐकलं नाही तर दिवसभर बांधून ठेवा, आणि अगदीच जमेना तर मासळी बाजारात सोडा, तिथे उपाशी राहणार नाही.’ फोंडा, डिचोली, म्हापसा, सगळीकडे लोक हा ‘अनुभवी सल्ला’ पुढे पाठवताहेत. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच पिल्लू आलंय ते तसं वागतातही. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं.

आधी सुडाचं बघू. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात, आणि काहीतरी चावलं की बरं वाटतं. केर काढताना तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडतो, कुरतडलेल्या फडक्यावर रक्ताचा पुसट डाग दिसतो, तो त्यामुळेच. दात आल्यावरही चावणं एकदम थांबत नाही. वर्ष-दीड वर्षापर्यंत कंटाळा आणि अंगातली रग त्यातूनच बाहेर पडते. मग नेमक्या चपलाच का? कारण चप्पल मऊ असते, तोंडात मावते, ओट्यावर अगदी हाताशी पडलेली असते आणि तिला तुमचा वास येतो. तो वास त्याला आवडतो. यात सूड कुठे आला?

‘पण त्याला चूक कळते हो! मी आत येताच कान पाडून कोपऱ्यात बसतं,’ असं हमखास ऐकायला मिळतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं होतं. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांचासुद्धा. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती आपल्या रागाची भीती असते. तासाभरापूर्वीची चप्पल आणि आत्ताचा फटका यांची सांगड पिल्लाला घालता येत नाही. ते एवढंच शिकतं की हा माणूस मारतो. मग ते वस्तू घेऊन पलंगाखाली शिरतं, कोणी जवळ आलं की घाईघाईने गिळतं आणि हिसकावून घ्यायला गेलात तर गुरगुरतं. घरात लहान मूल असेल तर हे किती धोक्याचं आहे, ते सांगायला नको.

त्यापेक्षा अदलाबदल करा. नको ती वस्तू तोंडात दिसली तर मागे धावू नका, पाठलाग त्याला खेळच वाटतो. शांतपणे जवळ जा, उकडलेल्या कोंबडीचा बिनहाडाचा तुकडा नाकाशी धरा, तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि लगेच त्याची स्वतःची चावायची वस्तू पुढे करा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी ‘सोड’, मुलगा ‘नो’, बाबा नुसतीच आरोळी, असं झालं तर पिल्लाने काय समजायचं?

मिरचीपूड डोळ्यांत किंवा नाकात गेली तर पिल्लाचे हाल होतात. दुकानात कडू फवारा मिळतो, पण तोही काही पिल्लं मजेत चाटतात. वेताच्या खुर्चीचा एखादा पट्टा सुटला की पिल्लू पुन्हा पुन्हा तिथेच जातं. दातात धरून ओढलं की तो उसवत येतो, सर्र आवाज होतो, त्यातच सारी गंमत. ती खुर्ची काही महिने बंद खोलीत ठेवा आणि चपला कपाटात. मोबाइलच्या चार्जरची वायर तर आजच वर उचला, शॉक बसून पिल्लू मरू शकतं.

कॅल्शियमचा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पिल्लांसाठी बनवलेलं चांगलं खाणं खाणाऱ्या पिल्लाला वेगळं कॅल्शियम लागत नाही. लहान वयात जास्तीचं कॅल्शियम शरीराला नीट नाकारता येत नाही, आणि लॅब्रॅडॉर, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत हाडांची वाढ त्याने बिघडते. माती, दगड गिळत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

हाडांबद्दल मी सर्वांत कळकळीने सांगते. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात. आपल्याकडे रविवारी शाकुतीतली हाडं पिल्लाच्या ताटलीत जातात. त्या रश्शातला कांदा-लसूणही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो. नारळाचं सोडणही देऊ नका, गिळलेल्या काथ्याने आतडं तुंबू शकतं. करवंटी इतकी कडक की दात तुटेल. अंगठ्याच्या नखाने दाबून पाहा, जरासुद्धा खूण उमटली नाही तर ती वस्तू पिल्लासाठी फार कडक आहे. चांगली वस्तू म्हणजे आतून पोकळ रबरी खेळणं, त्यात दही-भात भरून फ्रीजरमध्ये ठेवलेलं. जुना पंचा भिजवून, गाठ मारून गोठवला तरी हिरड्यांना थंडावा मिळतो. फक्त समोर बसून चावू द्या, धागे सुटले की काढून घ्या.

बांधून ठेवल्याने रग जिरत नाही, साठते. जून-जुलैच्या पावसात फिरणं बंद झालं की चावणं वाढतं, तेव्हा खाणं ताटलीत देण्याऐवजी गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये विखरून हुंगत शोधायला लावा. पिल्लाला दिवसात अठरा तासांच्या आसपास झोप लागते. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटलेलं पिल्लू पुष्कळदा नुसतं दमलेलं असतं. आणि फक्त एकटं असतानाच दाराची चौकट कुरतडत असेल, लाळ गाळत रडत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. त्यासाठी पशुवैद्यच गाठायला हवा.

राहिला मासळी बाजार. तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते, घरात वाढलेल्या पिल्लाला ती फाडून काढतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. तोकड्या साखळीला तासन् तास बांधणंही त्याच कलमात येतं. खरंच झेपत नसेल तर ज्यांच्याकडून आणलं त्यांना विचारा, ओळखीत घर शोधा, आणि लसीकरणाच्या कार्डासोबत ते काय काय कुरतडतं हेही नव्या घरी स्पष्ट सांगा.