एका प्रोग्रॅमचे इतके तुकडे कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘लिबरऑफिस डाउनलोड करून बसवू नका, डिस्ट्रोच्या रेपोतूनच घ्या’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलेत, आणि बरेच कडक लिहिलेत. त्यामागे रोज वर्ग चालवण्याचा अनुभव आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे म्हणणे आधी सांगतो. (लिबरऑफिस हा मोफत ऑफिस प्रोग्रॅम. डिस्ट्रो म्हणजे डेबियन, उबंटू, फेडोरा अशी लिनक्सची तयार मांडणी, पॅकेज म्हणजे बसवण्यासाठी बांधलेला प्रोग्रॅमचा किंवा त्याच्या भागाचा गठ्ठा, आणि रेपो म्हणजे डिस्ट्रोचे पॅकेजांचे कोठार.) तुमच्या संगणक वर्गातल्या मशीनवर डेबियन १२ आहे. त्यातले लिबरऑफिस ७.४ जुने वाटले, म्हणून तुम्ही उबंटूचा पीपीए, म्हणजे उबंटूसाठी बांधलेल्या पॅकेजांचा वेगळा रेपो, जोडला. ‘लिबआयसीयू७०’ हे लागणारे पॅकेज सापडत नाही म्हणून एपीटी, म्हणजे पॅकेजे आणून जुळवणारे साधन, अडून बसले. ते पॅकेज हाताने उतरवून बसवा, असा सल्ला नेटवर मिळाला. शेवटी डीपीकेजीवर (एपीटीच्या खालचे, प्रत्यक्ष पॅकेज बसवणारे साधन) जबरदस्ती करून राइटर (लेखनाचा भाग) एका आवृत्तीचा आणि कोअर (लिबरऑफिसचा सामायिक गाभा) दुसऱ्या, अशी अवस्था झाली. मराठी मेनू तर आलाच नाही. तुमचे शब्द असे: “विंडोजवर एका फाइलवर क्लिक केले की काम होते. तुम्ही पॅकेजवाले एका प्रोग्रॅमचे पन्नास तुकडे करता आणि ते जुळवत आम्ही बसायचे. फ्लॅटपॅकने हा प्रश्न संपवला, रेड हॅटनेही लिबरऑफिसचे पॅकेज सोडले, पण तुमचा हट्ट काही सुटत नाही.” (फ्लॅटपॅक म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या भागांसकट, डिस्ट्रोच्या रेपोबाहेरून देण्याची पद्धत. रेड हॅट ही लिनक्समधली मोठी कंपनी.)

आधी तुकड्यांबद्दल. डेबियनमध्ये राइटर, कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, बेस, मॅथ यांची पॅकेजे वेगळी, सगळ्यांना लागणारे कोअर आणि कॉमन वेगळे, जीटीके किंवा केडीईच्या डेस्कटॉपशी जुळवून घेणारे भाग वेगळे, प्रत्येक भाषेचे पॅकेज वेगळे. हे हौसेने केलेले नाही. बेसमध्ये जो डेटाबेस वर्षानुवर्षे आतच दिला जातो तो एचएसक्यूएलडीबी, आणि तो जावावर चालतो. नुसती पत्रे लिहिणाऱ्याच्या मशीनवर त्यासाठी अख्खा जावा का यावा? दुसऱ्या टोकाला सर्व्हरवाले आहेत. त्यांना डॉक्एक्सच्या फाइली पीडीएफ करायच्या असतात, स्क्रीन नसतेच. त्यांच्यासाठी ‘नोजीयूआय’ नावाची वेगळी पॅकेजे आहेत, म्हणजे खिडक्या काढणाऱ्या लायब्ऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) सर्व्हरवर चढत नाहीत. ज्याला सगळे हवे त्याने ‘लिबरऑफिस’ एवढेच नाव द्यावे. ते मेटापॅकेज आहे आणि मुख्य भाग सगळे ओढून आणते. तुकडे जुळवण्याचे काम एपीटीचे आहे, तुमचे नव्हे.

आणि एक गोष्ट तपासून पाहा. लिबरऑफिसमागच्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या संकेतस्थळावरून डेबियनसाठीची फाइल उतरवून उघडा. आत एक पॅकेज नसते, ‘लिबओबेसिस’ने सुरू होणाऱ्या नावांची डझनावारी पॅकेजे असतात. तुकडे तिथेही आहेतच. फरक दुसरीकडे आहे. ती सगळी ‘ऑप्ट’ या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, बऱ्याचशा लायब्ऱ्या स्वतःच्याच घेऊन येतात, आणि त्यांच्यामागे रेपो नसल्यामुळे एपीटी अपग्रेड केले तरी जिथल्या तिथे राहतात.

आता तुमची मशीन जिथे अडकली तिकडे येतो, कारण तिथे काय झाले ते नीट कळले तर पुढचा बराच त्रास वाचेल. आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी. शब्द कुठे तोडायचा, ओळ कुठे मोडायची, मराठी यादी कोणत्या क्रमाने लावायची, हे ज्ञान तिच्यात असते. तिची मोठी आवृत्ती आली की आतल्या फंक्शनांची नावेसुद्धा आवृत्तीच्या आकड्यासकट बदलतात. म्हणून आकडा पॅकेजच्या नावातच घालतात: डेबियन ११ मध्ये लिबआयसीयू६७, डेबियन १२ मध्ये ७२, उबंटू २२.०४ मध्ये ७०. पीपीएमधले लिबरऑफिस उबंटूवर बांधलेले, म्हणजे ७० शी जोडलेले. डेबियन १२ वर ती लायब्ररी नाही आणि येणारही नाही. एपीटीने तिथे नकार दिला हे त्याने बरोबर केले. ७० हाताने बसवता येते, ७२ च्या शेजारी ती नांदतेही. पण त्या दिवसापासून तिचा वाली कोणी नाही. तिच्यात उद्या भोक सापडले तर डेबियन ते बुजवणार नाही, कारण ती डेबियनची नाही, आणि उबंटूची दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

राइटर आणि कोअरचेही असेच. राइटरच्या डिपेंडन्सीत, म्हणजे त्याला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, कोअरसमोर ‘बरोबर’ची खूण असते, तीच आवृत्ती, तेच बिल्ड. ‘याहून नवे चालेल’ असे तिथे लिहीत नाहीत, कारण या दोघांमधला आतला व्यवहार प्रत्येक आवृत्तीत बदलू शकतो आणि तो स्थिर ठेवण्याचे वचन लिबरऑफिसच्या प्रोग्रॅमरांनी कधी दिलेले नाही. सक्ती केली की ही खूण झुगारली जाते. मग प्रोग्रॅम उघडत नाही, किंवा उघडून भलत्याच ठिकाणी कोसळतो, आणि दुसरे जास्त वाईट, कारण तोवर विद्यार्थ्याचे अर्धे काम झालेले असते.

तुमचा खरा प्रश्न मात्र याच्या पलीकडचा आहे: लायब्ऱ्या वाटून घ्यायच्याच कशाला, प्रत्येकाने आपापली पोटात का ठेवू नये? त्यासाठी सप्टेंबर २०२३ आठवा. वेबपी चित्रे उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत गंभीर दोष सापडला, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३. मुद्दाम बिघडवलेले चित्र नुसते दाखवले तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता, आणि दोष जाहीर झाला तेव्हा त्याचा वापर हल्ल्यांत आधीच सुरू झालेला होता. क्रोम आणि फायरफॉक्सची दुरुस्ती लगेच आली. पण ही लायब्ररी इलेक्ट्रॉन नावाच्या तयार सांगाड्यावर बांधलेल्या असंख्य प्रोग्रॅमांच्या पोटात होती, आणि प्रत्येकाला आपली नवी आवृत्ती काढावी लागली. लिबरऑफिसमध्ये वेबपीची सोय ७.४ पासून आलेली. फाउंडेशनने २६ सप्टेंबरला ७.६.२ आणि ७.५.७ ठरल्या वेळेआधी काढल्या. चांगले काम केले, यात शंका नाही. पण त्या उतरवून बसवल्या किती जणांनी? डेबियनमध्ये लिबरऑफिस यंत्रणेतलीच लिबवेबपी वापरते. लिबवेबपीचे एक छोटे पॅकेज महिन्याच्या मध्यालाच बदलले आणि ते वापरणारे लिबरऑफिस, चित्रे दाखवणारे प्रोग्रॅम, सगळे नव्याने उघडताच सुरक्षित झाले. लिबरऑफिसच्या पॅकेजला हातही लावावा लागला नाही. तुमच्या वर्गातल्या ज्या मशीनवर रेपोतले ७.४ होते आणि अपडेट चालू होते, त्या मशीनही यातच आल्या. तुम्हाला ते कळलेसुद्धा नसेल, आणि मी इतक्या तळमळीने लिहितो ते याच कारणाने.

सगळे एकत्र बांधले म्हणजे डिपेंडन्सी गेली, असे होत नाही. ती तेवढीच राहते, फक्त यादीतून दिसेनाशी होते आणि तिची काळजी घेणारा माणूस बदलतो. हा माणूस कोण आणि तो किती दिवस टिकेल, एवढेच विचारायचे असते.

फ्लॅटपॅकला मी शत्रू मानत नाही. त्याने मधला रस्ता काढला आहे: मूळ लायब्ऱ्यांचा एक सामायिक ‘रनटाइम’, त्यावर प्रोग्रॅम आणि त्याच्या उरलेल्या लायब्ऱ्या. फ्रीडेस्कटॉपचा रनटाइम दरवर्षी ऑगस्टमध्ये येतो, म्हणून त्याला २२.०८, २३.०८ असे आकडे असतात, आणि ठराविक मुदतीनंतर त्याची देखभाल थांबते. नव्या रनटाइमवर प्रोग्रॅम हलवण्याचे काम कोणीतरी करावेच लागते. लिबरऑफिससारख्या जागत्या प्रकल्पात ते होते. एकट्या माणसाच्या प्रकल्पात ते होईलच असे नाही, आणि तेव्हा जुना रनटाइम तुमच्या डिस्कवर तसाच पडून राहतो. नवी आवृत्ती लगेच हवी आणि मूळ सिस्टिम स्थिर हवी, तर फ्लॅटपॅक घ्या, मी आनंदाने सांगेन. पण ‘प्रश्न संपला’ हे मला मान्य नाही.

रेड हॅटचे म्हणाल तर जून २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केले ते एवढेच: आरएचईएल या आमच्या डिस्ट्रोच्या पुढच्या आवृत्त्यांत लिबरऑफिसचे आरपीएम, म्हणजे आमच्याकडची पॅकेजे, देणार नाही, तो वेळ वेलँड आणि एचडीआरसारख्या पडद्यावरच्या चित्राशी संबंधित कामांना देऊ. पगारी माणसे दुसरीकडे लावण्याचा तो निर्णय होता. फेडोरातली पॅकेजे त्यामुळे बेवारस झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी ती उचलली.

तुमच्या बाजूने एक उदाहरण मीच देतो. मार्च २०२४ मध्ये फाइली आवळणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये दडवलेला चोरदरवाजा उघड झाला. त्याचे लक्ष्य एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याची सोय, होते. आणि ती सोय देणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम मुळात एक्सझेडची लिबलझमा ही लायब्ररी वापरतच नाही! डेबियन, फेडोरा यांनी सिस्टमडीला (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप देण्यासाठी ओपनएसएसएचला पॅच लावला होता, त्यातून लिबसिस्टमडी आली आणि तिच्यामागून लिबलझमा. म्हणजे ही साखळी डिस्ट्रोवाल्यांनीच जोडली होती. हा निरोप लायब्ररीशिवायही देता येतो, आणि ओपनएसएसएचने त्याच वर्षी ती सोय स्वतः केली. पॅकेज करणाऱ्याने जोडलेली प्रत्येक डिपेंडन्सी त्याला समजावून सांगता आली पाहिजे, ही अपेक्षा तुम्ही जरूर ठेवा. मीही ठेवतो.

आणि मराठीच्या बाबतीत तुमचे शंभर टक्के बरोबर आहे. डेबियन बसवताना सुरुवातीलाच मराठी निवडली तर ‘टास्क-मराठी-डेस्कटॉप’मार्फत लिबरऑफिसचे मराठी पॅकेज येते. पण आपल्याकडे बहुतेक जण सिस्टिम इंग्रजीत बसवतात आणि मराठी मागून जोडतात. तेव्हा ‘लिबरऑफिस-एल१०एन-एमआर’ हे नाव ज्याला माहीत त्यालाच मराठी मेनू मिळतो. एपीटीला डिपेंडन्सी कळते, माणसाची भाषा कळत नाही. उबंटूत ‘लँग्वेज सपोर्ट’ नावाची सोय आहे. ती बसवलेले प्रोग्रॅम पाहते, निवडलेल्या भाषांसाठी कोणती पॅकेजे राहिली आहेत ते शोधते आणि ती बसवू का म्हणून विचारते. डेबियनच्या प्रत्येक डेस्कटॉपवर असे काही असायला हवे. अकरावीतल्या मुलाने पॅकेजचे नाव पाठ करावे ही अपेक्षा चुकीची आहे, आणि ते काम आमच्या बाजूचे आहे. फ्लॅटपॅकमध्येही भाषांतरे सहसा ‘लोकेल’ नावाच्या वेगळ्या भागात असतात आणि सिस्टिमच्या भाषांपुरतीच उतरतात, तेव्हा तिकडे गेलात तर भाषांच्या सेटिंगमध्ये ‘एमआर’ आधी घाला.

आता मशीन सुधारायच्या आहेत. पीपीएची ओळ सोर्सेसमधून काढा. लिबरऑफिसची सगळी पॅकेजे आणि हाताने बसवलेली लिबआयसीयू७० काढून टाका. विद्यार्थ्यांच्या फाइली होममध्ये असतात, त्यांना धक्का लागत नाही, तरी प्रत काढून ठेवा. मग एपीटी अपडेट करून ‘लिबरऑफिस’ आणि ‘लिबरऑफिस-एल१०एन-एमआर’ एकाच आदेशात बसवा. नवी आवृत्तीच हवी असेल तर सत्र संपल्यावर मशीन डेबियन १३ वर न्या, त्यात लिबरऑफिस २५.२ आहे आणि लायब्ऱ्या त्याच्याच जोडीच्या आहेत. मध्ये कुठे अडलात तर एपीटी जे दाखवेल ते पहिल्या ओळीपासून इथे चिकटवा. शेवटची ओळ सगळीकडे सारखीच असते. कोणते पॅकेज कोणावर अडले आहे ते तिच्या वरच्या ओळींत लिहिलेले असते.