सिलिकॉन वितळत नाही, कारण ते झोतात नसतंच

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: सर्नचा (युरोपातली भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा) प्रोटॉनझोत तांबं वितळवतो, मग त्याच्याशेजारी सिलिकॉनची चिप टिकेलच कशी? म्हणजे प्रोटॉन किती वळले याचे आकडे कॉम्प्युटरवर रचलेले. खाली ‘डोळे उघडा, फॉरवर्ड करा’. पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून पुढची थाप खपते.

पूर्ण भरलेल्या एलएचसीच्या (सर्नचं प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारं यंत्र) एका झोतात सुमारे 360 मेगाज्यूल ऊर्जा असते, अर्धा टन तांबं वितळेल एवढी. पण टकरीत किंचित वळलेले प्रोटॉन मोजणाऱ्या तिथल्या टोटेम प्रयोगातलं सिलिकॉन ‘रोमन पॉट’ नावाच्या धातूच्या भांड्यात बसवलेलं असतं, टक्कर होते तिथून सुमारे 220 मीटर लांब. झोत भरताना भांडी मागे. तो स्थिरावला की मोटरनं आत सरकवतात, मध्यापासून काही मिलिमीटरवर. वीज गेली तर स्प्रिंग त्यांना मागे ओढते. शिवाय असली मोजणी मुख्यतः थोड्याच प्रोटॉनांच्या खास रनमध्ये होते, तेव्हा तो 360 चा आकडा लागूच होत नाही.

‘एवढ्या लांब काय दिसणार?’ बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात रोज मायक्रोमीटर हातात धरणाऱ्यानं तरी हे विचारू नये. 10 मायक्रोरेडियन (अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी) वळलेला प्रोटॉन 220 मीटरवर 2.2 मिलिमीटर बाजूला जातो (वाटेतल्या चुंबकांचा हिशेब निराळा), आणि चिपवरच्या पट्ट्या 66 मायक्रॉन अंतरावर आहेत. खरी अडचण कडेची होती. साध्या चिपची कड आंधळी असते, म्हणजे तिथून गेलेला प्रोटॉन टिपलाच जात नाही, आणि हवे असलेले प्रोटॉन नेमके कडेलाच येतात. म्हणून ती आंधळी पट्टी 50 मायक्रॉनपर्यंत खाली आणावी लागली.

‘प्रोटॉन आरपार जातो, मग चिपला कळतं कसं?’ जाताना 300 मायक्रॉन जाडीत तो वीसेक हजार इलेक्ट्रॉन मोकळे करतो. सिग्नलला तेवढे पुरतात.

किरणोत्सारानं सिलिकॉन हळूहळू बिघडतं, हे मान्य. त्यातला गळती प्रवाह (प्रोटॉन नसतानाही झिरपणारी वीज) वाढतो, म्हणून ते शून्याच्या बरंच खाली थंड ठेवतात. पण बिघडणं म्हणजे जळून जाणं नव्हे.

राहिला रचलेल्या आकड्यांचा आरोप. 7 टेव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेला टोटेमनं प्रोटॉन-टकरीचा एकूण छेद, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता सांगणारं माप, सुमारे 98.6 मिलिबार्न (त्या मापाचं एकक) मोजला. अ‍ॅटलास या एलएचसीवरच्याच दुसऱ्या प्रयोगाच्या अल्फा यंत्रणेनं सिलिकॉनऐवजी चमकणारे तंतू वापरून 95.35 काढला. 13 टेव्हीला टोटेमचे 110.6, अ‍ॅटलासचे 104.7. रचायचेच होते तर निदान आपसांत जुळवून तरी घेतले असते; इथे दोन्ही गट आपापल्या आकड्याला धरून बसलेत.