सहा महिन्यांत कुणी पॅरामेडिक होत नाही

मी हॉस्पिटलात नर्स आहे. परवा नाइट ड्यूटीवर असताना धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, पोरीला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं, पण हा मेसेज बघ. उगाच चार वर्षं कशाला घालवायची?" तो मेसेज घरच्या ग्रुपवर मी आधी तीनदा पाहिला होता आणि तीनदा सोडून दिला होता. ही माझी चूक झाली. भाऊ जतजवळ द्राक्षबाग करतो, भाची बारावी सायन्स झालीय, आणि कुठल्याशा संस्थेत ४५,००० रुपये भरायची तयारी झाली होती. म्हणून आता एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

मेसेज थोडक्यात असा: नर्सिंगमध्ये चार वर्षं घालवू नका. सहा महिन्यांत पॅरामेडिक व्हा. १०८ मध्ये सरकारी नोकरी पक्की. परदेशात नर्सपेक्षा पॅरामेडिकला जास्त मागणी. गावात स्वतःचा दवाखाना टाकता येतो. नर्स आयुष्यभर डॉक्टरांच्या हाताखाली. मुलांना तर नर्सिंगमध्ये काहीच नाही.

"सहा महिन्यांत पॅरामेडिक व्हा."

इथे दोन शब्दांची गल्लत मुद्दाम केलेली आहे. आपल्याकडे पॅरामेडिकल म्हटलं की लॅब, एक्स-रे, ओटी, डायलिसिस असे सगळे टेक्निशियन त्यात येतात. पॅरामेडिक म्हणजे जागेवर जाऊन पेशंटला सांभाळत हॉस्पिटलपर्यंत आणणारा माणूस. मेसेजमध्ये फोटो ॲम्ब्युलन्सचा आहे, आणि विकायला ठेवलंय ते कुठलंही एक सर्टिफिकेट.

यावर कायदा आहे. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट, २०२१. त्याच्या परिशिष्टात ट्रॉमा, भाजलेले रुग्ण आणि भूल यांच्याशी संबंधित कामांच्या गटात पॅरामेडिकचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत म्हटलंय की अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला डिप्लोमा किंवा पदवी लागते. आता हिशोब करा. सहा महिने, महिन्याला २६ दिवस, रोज चार तास: ६२४ तास. रोज आठ तास शिकवलं तरी १,२४८. संस्थेचे लोक कितीही गोड बोलोत, २,००० होत नाहीत. या एका आकड्यावरच मेसेजचा पाया ढासळतो.

हो, एक गोष्ट मान्य करते. कौशल्य विकासाचे ईएमटी-बेसिकचे (ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) छोटे कोर्स खरोखर आहेत, आणि त्यातून शिकलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत. पण ते स्वतःला ईएमटी म्हणतात. त्यांना पॅरामेडिक म्हणून विकतात ते दुसरेच.

"गावात स्वतःचा दवाखाना टाकता येतो."

हे वाचून माझे हात थरथरले. बाकीच्या ओळींनी भावाचे पैसे बुडाले असते, या ओळीने माणसं मरतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, पन्नाशीचे एक शेतकरी आले. सकाळी सहाला छातीत कळ आली, डाव्या हाताला मुंग्या, घामानं अंगरखा भिजलेला. गावातल्या 'डॉक्टरां'नी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि झोपून राहा म्हणाले. त्या डॉक्टरांचं शिक्षण असाच एक सर्टिफिकेट कोर्स, पण पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतं. पेशंट आमच्याकडे पोचले दुपारी दोनला. ईसीजी काढला तेव्हा कळलं की हृदयाचा बराच भाग गेलाय. गुठळी विरघळवण्याचं औषध पहिल्या तासा-दोन तासांत जे काम करतं ते आठ तासांनी करत नाही. त्यांच्या पत्नी पदराला गाठ मारून बाहेर बसल्या होत्या, त्या गाठीत त्या दवाखान्याला पैसे देऊन उरलेले ८० रुपये होते. ते गृहस्थ तिसऱ्या दिवशी गेले.

नॅशनल मेडिकल कमिशन ॲक्ट, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे, नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा कायदा पॅरामेडिकलाही लागू आणि मला, नर्सलाही. एकोणीस वर्षं सर्व्हिस झाली तरी मी माझ्या नावावर दवाखाना टाकू शकत नाही, आणि तसंच असायला हवं. गावात राहून लोकांची तपासणी करायचीच असेल तर त्यालाही रस्ता आहे: उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठी बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनाही घेतात. तिथे औषधांची यादी ठरलेली, वर डॉक्टर, आणि चुकलं तर विचारणारं कुणीतरी असतं.

"१०८ मध्ये सरकारी नोकरी पक्की."

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. ही सेवा सरकारने ठेकेदारामार्फत चालवायला दिली. म्हणजे त्यावरची माणसं सरकारी कर्मचारी नाहीत. आणि दुसरी गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावी. आपल्या राज्यात या गाडीत डॉक्टर ठेवायचा निर्णय झाला. आमच्या दारात १०८ थांबते तेव्हा पेशंटबरोबर उतरतात ते बहुतेक वेळा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे, डॉक्टर असतात. आंध्रात २००५ पासून, आणि नंतर गुजरातसारख्या राज्यांत, हे काम ईएमटी करतात, आणि तेही फोनवरच्या डॉक्टरांचा सल्ला घेत. म्हणून तिकडचं चित्र इथल्या पोरांना दाखवून पैसे घेणं ही फसवणूक आहे. इथल्या प्रायव्हेट ॲम्ब्युलन्सवर आणि मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत शिकलेल्या ईएमटींना काम मिळतं, ते खरं. पण 'पक्की सरकारी' हा शब्द कुठून आला?

"परदेशात मागणी."

ब्रिटनमध्ये पॅरामेडिक हा शब्दच कायद्याने राखलेला आहे. एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंदणी नसताना तो वापरला तर गुन्हा होतो, आणि तिथली मुलं त्यासाठी पदवी घेतात. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट तिथे कुणी उघडूनही बघणार नाही. नर्सचा रस्ता लांब आहे पण पायवाट मळलेली आहे. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग थोडा अनुभव, मग इंग्रजीची परीक्षा, मग त्या देशाची परीक्षा, अमेरिकेसाठी एनक्लेक्स. केरळच्या मुली वर्षानुवर्षं याच वाटेने गेल्या. माझ्या बॅचच्या दोघी आखातात आहेत.

"नर्स डॉक्टरांच्या हाताखाली."

डॉक्टर राउंड घेऊन जातात, पेशंट आमच्याकडे राहतो. रात्री तीनला अकरा नंबर बेडचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ८२ वर आलं, हाउसमन (ड्यूटीवरचा ज्युनिअर डॉक्टर) ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलाय. अशा वेळी डोकं उंच करायचं, ऑक्सिजन वाढवायचा, सक्शन लावायचं, कुणाला उठवायचं, हे सगळं सिस्टर ठरवते. २६ नोव्हेंबर २००८ ला कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले तेव्हा वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन वाचवणाऱ्या अंजली कुलथे स्टाफ नर्स होत्या. त्यांना तेव्हा कुणी ऑर्डर लिहून दिली नव्हती.

पण या ओळीत अर्धं सत्य आहे आणि ते लपवून चालणार नाही. छोट्या खासगी हॉस्पिटलात पगार लाज वाटावी असे आहेत. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलनेही नर्सला किमान २०,००० द्यावेत. कितीतरी ठिकाणी अजून तेवढे मिळत नाहीत. सरकारीतही कंत्राटी भरती वाढलीय. नियम सांगतो की जनरल वॉर्डात पाच खाटांना एक नर्स, आणि मी रात्री चाळीस पेशंट एकटीने सांभाळलेत. पाठ दुखते, सणवार जातात. भाचीला हे मी लपवलेलं नाही. पण एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार ४४,९०० पासून सुरू होतो, हेही तिला सांगितलं. परीक्षा अवघड आहे, पण ती खुली आहे.

"मुलांना काही नाही."

आमच्या आयसीयूत चार ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहेत. एम्सच्या भरतीत पुरुषांसाठी २० टक्के जागा असतात. जागा कमी आहेत, ही तक्रार रास्त आहे. 'काहीच नाही' हे खोटं.

आता भाचीचं. तिला खरं तर गाडीवरचंच काम आवडतं, रस्त्यावर, घाईत, हातात काहीतरी करण्याचं. वॉर्डात एकाच माणसाला दहा दिवस सांभाळणं तिला जमेल की नाही, तिलाच ठाऊक नाही. हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी इमर्जन्सी केअरच्या तीन-चार वर्षांच्या पदव्या आहेत, त्या विद्यापीठाच्या मान्यतेने असतील तर जरूर बघाव्यात. नाहीतर नर्सिंग करून कॅज्युअल्टीत यावं, मीही तशीच आले. दोन्हीकडे शिकायला वर्षं लागतात.

भावाला मी संस्थेला एकच प्रश्न विचारायला सांगितला: हे सर्टिफिकेट कुठल्या कौन्सिलमध्ये नोंदवलं जाईल, ते लेटरहेडवर लिहून द्या. त्याने विचारलं. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, "ते आम्ही नंतर करून देतो." भाऊ म्हणाला, आधी लिहून द्या, मग पैसे. चार दिवस झाले, कागद आलेला नाही. भाची काल सीईटीची माहिती काढत होती, आणि येत्या शनिवारी ती माझ्याकडे राहायला येतेय. मी तिला शिफ्ट संपल्यावर आमच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांशी आणि १०८ वरच्या एका डॉक्टरांशी निवांत बोलायला बसवणार आहे.